तळटीप २३ : ‘रीबोअर’ मालिका

२३. लेखकाने नुसते ‘क्रशचा रीमिक्स’ म्हटले आहे. रोख डीजे क्रश यांच्या ‘रीबोअर, खंड ३’ (२००१) या अल्बमकडे आहे. मूळ संगीत ‘बोअरडम्स’ या ओसाकाच्या बँडचे. १९८६ साली सुरू झालेल्या या बँडचा म्होरक्या म्हणजे गायक आय. आरंभीच्या काळात आरडाओरडा, मध्येच तुटणाऱ्या चाली, कानठळ्या बसवणारा गोंगाट. पुढे ‘सुपर एइ’ (१९९८) आणि ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ (१९९९) या अल्बममध्ये त्याच गोंगाटातून लांब पल्ल्याचे, ड्रमच्या आवर्तनांवर तोललेले, अंगात भिनणारे संगीत उभे राहिले. ‘सुपर एइ’मधले ‘सुपर यू’ लक्ष देऊन ऐकावे: टेपचा वेग खालीवर केल्यामुळे गिटारचा सूर ताणला जातो, घरंगळतो, पुन्हा उसळतो. ध्वनिमुद्रण मोडून नवे घडवण्याची ही हातोटी बँडकडे आधीपासूनच होती. म्हणून आपले संगीत डीजेंच्या हाती सोपवणे मला अगदी त्यांच्या स्वभावातले वाटते. त्यातूनच ‘रीबोअर’ ही रीमिक्सची मालिका झाली: खंड १ ब्रिटनच्या ‘अंकल’ या गटाचा, खंड २ टेक्नो संगीतकार केन इशी यांचा (दोन्ही २०००), खंड ० खुद्द आय यांचा (२००१). क्रश टोकियोचे, हिपहॉपच्या मुशीतले. टर्नटेबल हेच त्यांचे वाद्य. जुन्या हिंदी गाण्याला नवा ठेका चिकटवतात, तसल्या रीमिक्सशी याची गल्लत करू नये. ‘सुपर एइ’ आणि ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ हे दोन्ही अल्बम मात्र आधी ऐकलेले बरे.