चिप (गोल्फ)

चिप : ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, काठाजवळून मारलेला, हवेत थोडा आणि जमिनीवर जास्त जाणारा गोल्फमधील आखूड फटका. हवेतला पल्ला घरंगळण्यापेक्षा मोठा असला तर फटक्याला पिच म्हणतात. सीमारेषा मात्र सर्व प्रशिक्षक एकाच जागी आखत नाहीत. पाय जवळ, पकड दांड्यावर थोडी खाली, वजन लक्ष्याकडच्या पायावर आणि मनगटे न मोडता खांद्यांतून झोका, ही प्राथमिक पद्धत. चेंडू उचलायला जाणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने क्लब आधी जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या मध्यावर आदळतो. उंची देण्याचे काम क्लबच्या लॉफ्टचे, म्हणजे त्याच्या मुखाच्या कलाचे, आहे.

म्हणूनच झोक्याच्या बारकाव्यांपेक्षा क्लबची निवड आधी शिकवणे योग्य. त्यासाठी बाराचा ठोकताळा प्रचलित आहे : बारातून आयर्नचा क्रमांक वजा करावा, उरेल तितके भाग घरंगळ, एक भाग हवेत. नऊ नंबरने तीन, सात नंबरने पाच. पिचिंग वेज दहा धरल्यास दोन. पाच पावले हवेत व पंधरा जमिनीवर हवी असतील तर नऊ नंबर घ्यावा. हे सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनपुरते. नव्या संचांतील आयर्नचा लॉफ्ट पूर्वीपेक्षा कमी असल्याने प्रमाण आपल्या क्लबांवर तपासून घ्यावे. आखूड खेळाचे मोल दाखवणारा ठळक दाखला गोल्फपटू पॉल रनयनचा. लांब फटक्यांत सॅम स्नीड त्याला कितीतरी मागे टाकी. तरी 1938च्या पीजीए स्पर्धेची स्नीडविरुद्धची अंतिम लढत रनयनने सात होल शिल्लक असतानाच आठ होलच्या आघाडीने जिंकली.

अंतरानुसार क्लब बदलण्यावर आक्षेप असा की, एकच वेज हातात मुरली की अंदाज पक्का होतो. रोज सराव करणाऱ्या व्यावसायिकाबाबत ते खरे. पण एका क्लबने दर अंतराला झोका बदलावा लागतो, आणि रविवारी खेळणाऱ्याला झोका बदलण्यापेक्षा क्लब बदलणे सोपे. दुसरा आक्षेप गोल्फपटू टॉम वॉटसनच्या नावाने येतो. 1982च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचच्या सतराव्या होलला त्याने ग्रीनशेजारच्या दाट गवतातून सँड वेजने चेंडू थेट होलमध्ये घातला. तिथे होल जवळ आणि उतार वेगवान होता, कमी उंचीचा फटका थांबलाच नसता. ही अपवादाची जागा. तिच्यावरून पहिला धडा ठरवू नये. चिप मारताना हात चेंडूच्या पुढे ठेवायला सांगतात; ते किती पुढे असावेत, याबद्दलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. फार पुढे नेल्यास वेजची धार मातीत घुसते. उष्ण प्रदेशांतील मैदानांवरचे बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी, फटक्याच्या उलट्या दिशेने वाढलेले असले तर हे विशेष जाणवते.

फ्रिंजवर, म्हणजे ग्रीनच्या लगतच्या पट्ट्यात, गवत बारीक कापलेले असल्यास पटरही चालतो.

नियम : एकाच झोक्यात चेंडूला दोनदा स्पर्श झाल्यास 2019पासून दंड नाही, एकच फटका मोजतात. पूर्वी एका फटक्याचा दंड होता. 1985च्या यूएस ओपनमध्ये तैवानच्या टी. सी. चेनला चिप मारताना तो बसला आणि स्पर्धा त्याने एकाच फटक्याने गमावली.