मुरुडचा कागद आणि हबशांची स्मृती

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरुड आणि रायगड जिल्ह्यात जंजिऱ्यानजीक असलेले मुरुड यांची गल्लत नेहमी होते. पहिल्याच्या वसाहतीचा वृत्तान्त सांगणारा जुना कागद त्याच गावचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपले गाव कसे वसले, हे तेथील वंशजांस त्यामुळे सांगता येते. दुसऱ्या मुरुडच्या परिसरात सिद्दींच्या पदरी राहिलेल्या सामान्य हबशी खलाशांस असे भाग्य लाभले नाही. विकल्या गेलेल्या माणसाचे मूळ गाव विक्रेत्याच्या हिशेबात येत नसते.

जे लिहिले गेले ते पुष्कळसे प्रतिपक्षाने. १७२७ साली सिद्दी सात याने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान लुटले. ब्रह्मेंद्रस्वामी कोकण सोडून धावडशीस गेले. १७३६ मध्ये रेवसच्या बाजूस झालेल्या लढाईत चिमाजी अप्पाच्या सैन्याने सिद्दी साताचा वध केला. स्वामींच्या पत्रव्यवहारातील संताप खोटा नव्हे. परंतु तेवढ्यावरून अखिल हबशी समाजाचे चित्र रेखाटणे म्हणजे फिर्यादीची कैफियत हाच निवाडा मानणे होय.

शिवाय दास्य हे केवळ शत्रूच्या गोटातील पाप नव्हते. पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. १८४३ च्या कायद्याने गुलामीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. तोवर हा व्यवहार मराठी मुलखातही राजरोस चाले. हे मान्य केल्यावाचून सिद्दींच्या वंशजांशी समेटाची भाषा करणे एकतर्फी ठरते.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सिरुलखानादी सत्ताधीशांचे घुमट उभे आहेत. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावरही ते राहिले. पण घुमट धन्यांचे. सेवकांचा शब्द शोधावयाचा तर नाशिकच्या शरणपुराकडे वळावे लागते. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील मिशनच्या आश्रमात शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३-७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होता, आणि त्याची स्वहस्ते लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध आहे. मराठी मुलखात शिकलेल्या मुक्त दासाचे हे लेखन आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच दिसावे, हे नवलच. १८७० नंतरच्या दशकात शरणपुरातील अनेकजण मोंबासाजवळच्या फ्रेरेटाउन वसाहतीत गेले. आफ्रिकेत परतलेल्या या आफ्रिकनांस तेथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.