सार्वजनिक देखभाल आगारांचे एकत्रीकरण

सार्वजनिक देखभाल आगारांचे एकत्रीकरण म्हणजे एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या विखुरलेल्या दुरुस्ती केंद्रांपैकी कोणती चालू ठेवावीत, कोणती बंद करावीत आणि कोणते वाहन कोठे पाठवावे, हे गणिती प्रतिमानाच्या आधारे ठरविण्याची प्रक्रिया होय. हा स्थाननिश्चितीच्या प्रश्नाचा एक प्रकार आहे. आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये उद्योगांच्या स्थानाचा सिद्धान्त मांडला; रस्त्यांसारख्या जाळ्यावर केंद्रे बसविण्याचे गणित एस. एल. हकीमी यांनी 1964 मध्ये दिले.

प्रतिमान

प्रत्येक आगारासाठी ‘चालू’ (1) किंवा ‘बंद’ (0) असे चल घेतले जाते. आगारांचा स्थिर खर्च आणि वाहनांच्या रिकाम्या धावेचा, म्हणजे ‘डेड किलोमीटर’चा, खर्च यांची बेरीज किमान करणे हे उद्दिष्ट असते. आगारे कमी केली की पहिला खर्च घटतो आणि दुसरा वाढतो. तपासणी खड्डे, उभे राहण्याची जागा व कामगारसंख्या यांच्या मर्यादाही पाळाव्या लागतात.

मुंबई उपनगरे

बेस्ट उपक्रमात धुणे, तपासणी व किरकोळ दुरुस्ती आगारात, तर मोठी दुरुस्ती दादरच्या कार्यशाळेत होत आली आहे. मोठे काम क्वचित निघत असल्याने ते एकवटणे परवडते. रोजचे काम एकवटल्यास रिकामी धाव दररोज पडते. मागाठाणे, मरोळ, घाटकोपर, मुलुंड अशी आगारे उपनगरभर पसरलेली असण्याचे हे एक कारण होय.

येथे अंतर कसे मोजले, यावर उत्तर पालटते. बोरिवली व मुलुंड यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे 12 किमी आहे. परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने घोडबंदर रस्त्याने किंवा जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने वळसा घ्यावा लागतो आणि अंतर दुपटीहून अधिक होते. नकाशावरील सरळ अंतर घेणारे प्रतिमान ही दोन ठिकाणे सहज एकत्र करील. बांधकाम सुरू असलेला, उद्यानाखालून बोगद्यांनी जाणारा गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता हे गणित बदलू शकतो. पावसाळ्यात अंधेरी भुयारी मार्ग पाण्याखाली गेल्यास पूर्व-पश्चिम प्रवासाचा वेळ वाढतो, म्हणून कोरड्या दिवसाची आकडेवारी पुरत नाही.

जमिनीची किंमत हा सर्वांत वादग्रस्त घटक आहे. ती बाजारभावाने स्थिर खर्चात धरली, तर उपनगरातील जवळपास प्रत्येक आगार बंद करण्याजोगे ठरते. भाडेतत्त्वावरील बसगाड्यांची देखभाल कंत्राटदाराकडे असली, तरी त्यांनाही रात्री उभे राहण्यास जागा लागतेच. शिवाय इमारत उभी राहिलेल्या भूखंडावर पुन्हा आगार होणे दुरापास्त असते. एकाच वर्षाच्या ताफ्यावर बेतलेल्या प्रतिमानात हा धोका धरलेला नसतो.