‘वाड्यात’ आणि ‘वाड्यावर’ : शनिवारवाड्यापुढील पटांगणाचा विचार

१

आंबेगाव तालुक्यातील कळंब हे गाव मंचर व नारायणगाव यांच्या दरम्यान पुणे-नाशिक रस्त्यावर वसलेले आहे. ‘कळंब’ हे मुळात वृक्षनाम होय. संस्कृत ‘कदंब’, प्राकृत ‘कलंब’ आणि मराठी ‘कळंब’ ही त्याची परंपरा सुपरिचित आहे. अशा गावातील नित्याच्या बोलण्यात एक भेद सहजपणे पाळला जातो. माणूस घरात असतो, देवळात असतो. परंतु तो पारावर बसतो, चावडीवर जातो, पाणवठ्यावर भेटतो. पाराला छप्पर नसते, म्हणून तेथे ‘-वर’ येतो, असे म्हणावे, तर चावडीला भिंती आणि छप्पर दोन्ही असतात. तरीही ‘चावडीत’ या रूपापेक्षा ‘चावडीवर’ हेच रूप रूढ आहे. तेव्हा हा भेद केवळ स्थळाच्या आकाराचा नसून स्थळाशी असलेल्या माणसाच्या नात्याचाही आहे, असे मानावयास आधार मिळतो. हा नियम निरपवाद नाही. ‘बाजारात’, ‘मंडईत’ असेही आपण म्हणतो. तथापि, ऐतिहासिक वास्तू व जागा लोकांच्या वापरात कशा येतात, या प्रश्नाचा विचार करताना हा लहानसा प्रत्यय उपयोगी पडतो. त्याचे एक उदाहरण पुण्यात आहे.

२

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. तट आणि दरवाजे यांचे काम पुढे नानासाहेबांच्या कारकिर्दीत पूर्ण झाले. वाड्याचा मुख्य दरवाजा, दिल्ली दरवाजा, उत्तराभिमुख असून त्यावर नगारखाना आहे. या दरवाजापुढील मोकळी जागा हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्या. तट, दरवाजे आणि चौथरे मात्र राहिले. वाड्याच्या आतील भागाचा इतिहास येथून सरकारी उपयोगाचा इतिहास होतो. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला आणि त्यानंतरच्या उत्खननात चौथरे, हौद व कारंज्यांचे अवशेष उघडे पडले. हे कार्य मोलाचे झाले, यात संशय नाही. ते झाले नसते तर वाड्याच्या रचनेविषयी आपणांस फारच थोडे सांगता आले असते. परंतु त्याबरोबरच आतील जागा ही पाहावयाची जागा झाली. आज तेथे तिकीट काढून प्रवेश करावा लागतो.

३

बाहेरच्या पटांगणाचा इतिहास निराळ्या दिशेने गेला. एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार याच उघड्या जागेत भरत असे. ज्या दरवाजातून पेशव्यांच्या स्वाऱ्या बाहेर पडत, त्याच्यासमोर भाजी विकणाऱ्या बायका पाट्या मांडून बसू लागल्या. हा बदल कोणी हुकूम काढून घडवून आणला असे नव्हे. धनी गेला, जागा उरली, आणि ज्यांना गरज होती त्यांनी ती वापरली.

पुढे नगरपालिकेने बंदिस्त मंडई बांधण्याचे ठरविले. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध टिकला नाही. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेली ही इमारत १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडण्यात आली. ज्या मंडईस फुल्यांनी विरोध केला तिलाच पुढे त्यांचे नाव मिळाले. या विसंगतीचा उल्लेख नेहमी होतो. परंतु फुल्यांच्या आक्षेपातील मूळ प्रश्न त्यामुळे झाकला जातो. सार्वजनिक सोय म्हणून जे बांधले जाते त्याचा खर्च कोणी सोसावयाचा व अग्रक्रम कोणी ठरवावयाचा, हा तो प्रश्न होता. तो आजही सुटलेला नाही.

४

बाजार उठल्यावर पटांगण रिकामे झाले. पण लोकांची तेथे जमण्याची सवय गेली नाही. विसाव्या शतकात तेथे सभा भरू लागल्या. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील मोठ्या सभा याच पटांगणात झाल्या. एकाच जागी प्रथम खरेदी-विक्री आणि नंतर भाषण, हा क्रम पुण्यापुरता अपूर्व नाही. प्राचीन ग्रीकांच्या ‘अगोरा’ या शब्दाचा मूळ अर्थ जमाव असा आहे. त्यापासून सभेत बोलणे आणि बाजारात विकत घेणे या दोन्ही अर्थांची क्रियापदे निघाली. माणसे एकत्र येतात, मग त्यातून सौदा निघो की ठराव, जागेस दोन्ही सारखेच.

पुणेकर या सभेविषयी काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘आज शनिवारवाड्यावर सभा आहे.’ सभा वाड्याच्या तटावर नसते, वाड्याच्या आतही नसते. ती वाड्यासमोर असते. तरी हे वाक्य ऐकून कोणी गोंधळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘वाड्यावर’ हे रूप सभांमुळे जन्मास आलेले नाही. ‘पाटलाच्या वाड्यावर बोलावणे आले’ हा प्रयोग जुना आहे, आणि त्यात स्वातंत्र्य नसून धाक आहे. आक्षेप योग्य आहे; किंबहुना मुद्दा त्यातच आहे. ‘वाड्यात’ राहणारा धनी असतो. ‘वाड्यावर’ जाणारा बाहेरचा असतो. पूर्वी या बाहेरच्या माणसास बोलावले जाई. पुढे तो न बोलावता, आपल्यासारख्या इतरांबरोबर जाऊ लागला. प्रत्यय तोच राहिला. वाक्याचा कर्ता बदलला. स्थळाचा सार्वजनिक इतिहास म्हणजे हा कर्त्याचा बदल होय.

याच्या जोडीला सारसबागेचे उदाहरण घेता येईल. नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी करविलेल्या तळ्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या काळी गणपतीचे देऊळ झाले. तळे गेले, तेथे बाग झाली. तरी तो ‘तळ्यातला गणपती’च राहिला. नगररचनेने जे पुसले ते भाषेने जपले.

५

या विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. जुन्या वास्तूचे जतन आणि जुन्या जागेचे लोकांसाठी खुले असणे या दोन गोष्टी एक नाहीत. शनिवारवाड्यात पहिली तटाच्या आत साधली, दुसरी तटाच्या बाहेर. बाहेरच्या जागेस सुरुवातीस कोणी महत्त्व दिले नाही, म्हणूनच ती लोकांना मिळाली. आज ऐतिहासिक परिसर सुधारण्याच्या योजना होतात, तेव्हा आराखड्यात अशी अनाम जागा सर्वप्रथम भरून टाकली जाते: कुठे वाहनतळ, कुठे कुंपण, कुठे शोभेची हिरवळ.

तेव्हा योजकाने मोजणी करण्यापूर्वी त्या जागेविषयी लोक कोणत्या विभक्तीत बोलतात ते ऐकावे, अशी सूचना भाषेच्या अभ्यासकाने केल्यास ती अप्रस्तुत ठरू नये. पुणे-नाशिक रस्ता रुंद होतो तेव्हा कळंबसारख्या रस्त्यालगतच्या गावांपुढेही हाच प्रश्न येतो. रस्त्यात किती घरे जातात याची नोंद सरकारी कागदात होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या ठिकाणी माणसे ‘वर’ जमतात, त्या जागेस बहुधा सातबाऱ्यावर धनी नसतो, आणि म्हणून तिची भरपाई मागण्यासही कोणी उभे राहत नाही. पार गेला तर ‘पारावर’ हा शब्द काही काळ टिकेल, जसा ‘तळ्यातला’ टिकला. पण शब्द टिकला म्हणून बसावयास जागा मिळत नाही.