कोळशाची कांडी आणि दूरचित्रवाणीचा पडदा : इटलीतील प्रौढ साक्षरतेचा एक प्रयोग

#थ्रेड

(१) १५ नोव्हेंबर १९६० रोजी ‘राय’ या इटलीच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर, संध्याकाळच्या जेवणाआधी, एक नवा कार्यक्रम सुरू झाला. नाव होते ‘नोन ए माई त्रोप्पो तार्दी’, म्हणजे ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’. ‘साठी बुद्धी नाठी’ या समजुतीला दिलेले हे उत्तरच होते. पडद्यावरून प्रौढ निरक्षरांना लिहिणे-वाचणे शिकवणे, हा त्याचा हेतू.

(२) १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले, तेव्हा दर चार माणसांपैकी सुमारे तिघे निरक्षर होते. १९५१ च्या जनगणनेत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आले. मात्र ही सरासरी फसवी होती. दक्षिणेकडील कालाब्रियात जवळजवळ एक तृतीयांश लोकांना अक्षरओळख नव्हती. सहीपुरती अक्षरे गिरवणारे लाखो लोक वेगळेच.

(३) याच काळात उत्तरेत कारखानदारी वाढली आणि दक्षिणेतील शेतमजूर तोरिनो-मिलानोच्या गाड्या धरू लागले. गावात निरक्षरता झाकून जात असे. शहरात ती पावलोपावली उघडी पडे. फलाटावरची पाटी, नोकरीचा अर्ज, घरून आलेले पत्र, सर्वांसाठी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत. शिवाय घरात बोलीभाषा असल्यामुळे प्रमाण इटालियन ही अनेकांना जवळजवळ परकीच होती.

(४) प्रौढांसाठी वर्ग नव्हते असे नाही. महायुद्धानंतर सरकारने ते सुरू केले होते. पण दिवसभर राबलेल्या माणसाला तिथवर जाणे जड जाई. त्याहून जड होती लाज. मुलांच्या बाकावर बसून मुळाक्षरे गिरवणे चाळिशीच्या गृहस्थाला अपमानास्पद वाटे. शिक्षण मंत्रालयातील अधिकारी नाझारेनो पादेल्लारो यांनी यावर दूरचित्रवाणीचा मार्ग सुचवला.

(५) इटलीत नियमित प्रक्षेपण १९५४ मध्ये सुरू झाले होते आणि १९५८ पासून ‘तेलेस्कुओला’ ही दूरचित्रवाणीवरील शाळाही भरत होती. परंतु संच महाग. ज्यांना अक्षरांची गरज होती त्यांच्या घरी तो क्वचितच असे. म्हणून ठिकठिकाणी सुमारे २,००० सामूहिक केंद्रे उघडण्यात आली. तिथे संच असे आणि शिकणाऱ्यांना मदत करणारा शिक्षकही असे.

(६) पडद्यावरचे शिक्षक होते आल्बेर्तो मान्झी (१९२४–१९९७). १९४६ मध्ये रोमच्या बालसुधार तुरुंगात त्यांनी अध्यापनाला आरंभ केला होता. वेगवेगळ्या वयांची मुले, एकच खोली आणि पुस्तकांचा पत्ता नाही, अशी ती शाळा. शिकण्याची इच्छा गमावलेल्या माणसाचे लक्ष कसे वेधावे, हे ते तिथे शिकले.

(७) ‘राय’च्या निवड चाचणीत त्यांना लिहिलेला पाठ देण्यात आला. मान्झींनी तो फाडून टाकला आणि मोठे कागद व कोळसा मागितला. नुसते बोलणारे डोके पडद्यावर कोणी पाहत बसणार नाही, हे त्यांना कळले होते.

(८) पुढे हीच त्यांची पद्धत झाली. ते एक रेघ ओढत, मग दुसरी; काय आकाराला येते आहे याचा अंदाज प्रेक्षक बांधत राहत. चित्र पुरे झाले की त्याचे नाव, नावातून शब्द, शब्दातून अक्षर. प्रौढाला जग आधीच ठाऊक असते, फक्त त्याची लिपी ठाऊक नसते, हे त्यामागचे गृहीतक.

(९) मानधनाची हकीकत प्रसिद्ध आहे. मान्झींना त्यांचा शिक्षकी पगार मिळत असे. ‘राय’कडून मात्र, कोळशाने सदरे खराब होतात म्हणून, केवळ ‘सदऱ्याची भरपाई’ दिली जाई, असे सांगितले जाते.

(१०) १९६८ पर्यंत ४८४ भाग झाले. या कार्यक्रमाच्या आधारे सुमारे १५ लाख लोकांनी प्राथमिक शाळेचे प्रमाणपत्र मिळवले, असा अंदाज नेहमी दिला जातो. हा आकडा जपून वापरावा लागतो. निरक्षरतेचे प्रमाण १९६१ मध्ये सुमारे ८ टक्के आणि १९७१ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले. पण त्यात प्रौढवर्गांचा, शालेय शिक्षणाच्या प्रसाराचा आणि जुनी पिढी सरल्याचाही वाटा आहे.

(११) मग दूरचित्रवाणीचे श्रेय कोणते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या ग्रंथात इटालियन भाषेच्या प्रसारातील तिचे स्थान दाखवून दिले. बोलीभाषक घरांत प्रमाण भाषा रोज कानावर पडू लागली. मान्झींच्या पाठांनी त्या ऐकलेल्या भाषेला अक्षररूप दिले.

(१२) मान्झींचा पुढचा प्रवासही याच वाटेचा. १९८१ मध्ये विद्यार्थ्यांवर गुणवत्तेचे शिक्के मारणारे अहवाल लिहिण्यास त्यांनी नकार दिला आणि निलंबन पत्करले. १९८७ मध्ये अर्जेंटिना सरकारने साक्षरतेच्या कामासाठी त्यांना पाचारण केले.

(१३) या प्रयोगाचे यश केवळ यंत्राचे नव्हते. प्रक्षेपणाने अंतर मिटवले. पण लाज मिटली ती शिकणाऱ्याला मूल न समजणाऱ्या शिक्षकामुळे आणि केंद्रात शेजारी बसलेल्या, त्याच अक्षरापाशी अडखळणाऱ्या सोबत्यामुळे. दूरशिक्षणाची साधने तेव्हापासून कितीतरी बदलली. पडद्याच्या अलीकडे शिकणाऱ्याजवळ कोण बसले आहे, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या साधनाला विचारावाच लागतो.