शेंडा आणि डोळे

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. इस्लामपूरच्या परिसरात, बहे-बोरगावच्या पट्ट्यात, नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला. अशा पुरानंतर पोंगा कुजलेल्या उसाचे डोळे फुटून पांगशा निघतात, पेरांना मुळ्या सुटतात. शेंडा गेला की डोळे जागे होतात, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. विज्ञानाला मात्र त्याचे कारण सापडायला बराच काळ लागला.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये दाखवले, की गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो तो टोकाच्या आज्ञेवरून. ही आज्ञा एका रसायनाची आहे, हे 1926 मध्ये हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांच्या प्रयोगाने सिद्ध झाले. ते रसायन म्हणजे ऑक्सिन. पुढे 1933 च्या सुमारास थीमन आणि स्कूग यांनी शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून धरते, हे दाखवून दिले. शेंडा हा घरातला कर्ता. तो गेला की धाकटे उठतात.

पेरांवरच्या मुळ्यांची गोष्ट वेगळी. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत दिमित्री नेल्युबोव्ह यांना वाटाण्याची रोपे वाकडी नि जाड वाढताना दिसली. कारण निघाले दिव्याच्या गॅसमधले इथिलीन. हा वायू वनस्पती स्वतःही तयार करते. एरवी तो हवेत विरून जातो. पाण्यात बुडालेल्या कांडीत मात्र तो कोंडतो, आणि अनेक पिकांत नव्या मुळ्यांना, श्वासासाठीच्या पोकळ्यांना तोच चालना देतो.

जिबरेलिनचा जन्मही संकटातलाच. फॉर्मोसा बेटावर भाताची रोपे एका बुरशीने उंच, फिकट होऊन कोलमडत. जपानी शेतकरी त्यांना ‘खुळी रोपे’ म्हणत. एइइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये ही करामत बुरशीच्या स्रावाची आहे हे दाखवले आणि 1935 मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला नाव दिले. आज तासगावच्या बागांत द्राक्षाचे घड ज्या ‘जीए’त बुडवतात, ते हेच. मण्यात बी असेल तर ते स्वतः जिबरेलिन पुरवते. बिनबियांच्या मण्याला ते बाहेरून द्यावे लागते. रोग म्हणून सापडलेले द्रव्य असे बाजाराचे साधन झाले.

या तिन्ही गोष्टी वाढीच्या. पण वनस्पतीला थांबताही येते. 1960 च्या दशकात कापसाची बोंडे का गळतात हे शोधताना ॲबसिसिक ॲसिड हाती लागले. त्याचे नाव गळण्यावरून पडले, खरे काम मात्र दुसरेच निघाले. 1969 मध्ये राइट आणि हायरन यांना गव्हाच्या सुकलेल्या पानांत हे द्रव्य झपाट्याने वाढलेले आढळले. पाणी तुटले की ते पानांची रंध्रे मिटवते, म्हणजे असलेली ओल टिकते. उपासमार होते, पण जीव वाचतो.

वाळवा तालुक्याच्या क्षारपड जमिनीत हा इतिहास आजचा होतो. उपसा आणि पाटाच्या पाण्याने जमिनी भिजत राहिल्या, निचरा झाला नाही, क्षार वर आले. अशा रानात पाणी भरपूर असते, पण क्षारांमुळे मुळांना ते ओढता येत नाही. पाण्यात उभा असलेला ऊस दुष्काळातल्यासारखा वागतो, वाढ आवरतो. त्याला खुजा पाहून आपण आणखी पाणी देतो, नाहीतर दुकानातून वाढीची बाटली आणतो. पहिल्याने क्षार वाढतात. दुसऱ्याने, जगण्यासाठी थांबलेल्या पिकाला पळायचा हुकूम मिळतो.

संप्रेरके ही वनस्पतीची भाषा मानली, तर खुजा ऊस तक्रार करतो आहे ती जमिनीबद्दल. तिचे उत्तर बाटलीत मिळत नाही. ते चर खणून, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून, साचलेले पाणी वाहते करण्यात आहे.