एका विमानाचे तीन क्रमांक: कानपूरच्या भंगारातून पुण्याच्या आकाशात

नकाशा घ्या आणि कानपूर व बंगळूर यांना जोडणारी एक सरळ रेषा ओढा. ती नागपूरच्या किंचित पूर्वेकडून खाली उतरते आणि वरोरा–भद्रावतीच्या पट्ट्यावरून दक्षिणेला निघून जाते. चिमूर तिच्या थोडेसे पूर्वेला राहते. १९४८ साली हा सारा प्रदेश चांदा जिल्हा होता, आजचे गडचिरोलीही त्यातच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांची अवजड बॉम्बफेकी विमाने एकामागून एक कानपूरहून बंगळूरला नेण्यात आली. कागदोपत्री ही सर्व विमाने नष्ट झालेली होती.

आमच्या भागात महायुद्धाचा काळ म्हटला की १६ ऑगस्ट १९४२ चे चिमूर आठवते, आणि ते योग्यच आहे. मात्र या धाग्यात त्याच युद्धाने मागे सोडलेल्या एका यंत्राचा आणि ते चालवणाऱ्या माणसांचा माग काढायचा आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचा.

विमानाचे नाव बी-२४ लिबरेटर. बांधणारी मूळ कंपनी अमेरिकेची कन्सॉलिडेटेड. एकूण १८,००० हून अधिक लिबरेटर तयार झाली. इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही अवजड बॉम्बर जगात कधी बांधले गेले नाही. मिशिगनमधील विलो रन येथे फोर्डचा कारखाना १९४४ मध्ये जवळजवळ दर तासाला एक विमान बाहेर काढत होता. पंखांचा विस्तार ११० फूट. पंख लांब आणि अरुंद असल्यामुळे विमान दूरवर जाऊ शकत असे, आणि या एका गुणाने त्याचे सगळे आयुष्य ठरवले. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी किनाऱ्यावरून उडालेली विमाने पोहोचू शकत नव्हती. तिथे जर्मन पाणबुड्या मोकाट होत्या. १९४३ मध्ये ती पोकळी बुजवण्यात जास्तीचे इंधन भरलेल्या लिबरेटरचा मोठा वाटा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुण्याला पोहोचल्यावर तिचे काम पडेल.

आत बसणाऱ्यांना हे विमान सुखाचे नव्हते. ब्रिटिश हवाई दलात त्याचा क्रू साधारणपणे आठ जणांचा असे: वैमानिक, सहवैमानिक, दिशादर्शक, बॉम्ब टाकणारा, बिनतारी संदेश पाहणारा आणि तोफची. पुढून मागे जायचे तर बॉम्ब टांगलेल्या कप्प्यामधून जेमतेम नऊ इंच रुंदीच्या फळीवरून चालावे लागे, आणि खालचे दरवाजे माणसाचा भार पेलण्याइतके मजबूत नव्हते. कॅबिनमध्ये उष्णतेची धड सोय नाही, उंचीवर प्राणवायूचा मुखवटा लावायचा, आणि बाहेर पडण्याची मुख्य वाट शेपटीकडे. अमेरिकी सैनिकांनी त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे.

भारतात ही विमाने मुख्यतः बंगालमधून उडाली. दिग्री, सालबनी, धुबुलिया ही त्यांच्या तळांची नावे. ऑक्टोबर १९४४ मध्ये १५९ स्क्वॉड्रनची १५ लिबरेटर दिग्रीहून निघाली, मलायातील पेनांग बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग टाकून परतली. जाऊन-येऊन अंतर ३,००० मैलांहून अधिक. स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी त्याआधी इंधन वाचवण्याचे प्रयोग करून, विमानातील अनावश्यक वजन काढून टाकून क्रूला तयार केले होते. पंधराही विमाने परत आली. सयाम–ब्रह्मदेश रेल्वेवरील पूल, ज्यांच्यासाठी जपान्यांनी युद्धकैद्यांना आणि आशियाई मजुरांना राबवून मारले, तेही बंगालच्या लिबरेटरनी पुन्हा पुन्हा फोडले. एक गोष्ट सहज सांगून टाकतो: दिग्री आणि सालबनी ही दोन्ही ठिकाणे मेदिनीपूर जिल्ह्यात येतात. ज्या मेदिनीपुरात १९४३ च्या दुष्काळात माणसे रस्त्यांवर मरत होती, त्याच जिल्ह्यात काही महिन्यांत टनांनी पेट्रोल आणि बॉम्ब पोहोचत होते. युद्धाची कार्यक्षमता नेमकी कशासाठी होती, हे या दोन दृश्यांवरून कळते.

युद्ध संपले आणि एक विचित्र प्रश्न उभा राहिला. ही विमाने ब्रिटनने विकत घेतलेली नव्हती. मार्च १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्यानुसार ती अमेरिकेकडून उसनी आलेली होती. युद्धानंतर ती परत तरी करायची, पैसे तरी मोजायचे, नाहीतर नष्ट करायची. परत नेण्यात अमेरिकेला रस नव्हता आणि ब्रिटनकडे पैसा नव्हता. म्हणून भारतभरच्या लिबरेटर कानपूरजवळ चकेरीच्या तळावर जमा करण्यात आल्या आणि पुन्हा उडू नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोड करण्यात आली. उपकरणे फोडली, धडांना भोके पाडली. मग त्या उन्हापावसात तशाच पडून राहिल्या.

ऑगस्ट १९४७ नंतरची परिस्थिती पाहा. विभाजनात हवाई दलाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला लढाऊ आणि मालवाहू विमाने आली, पण अवजड बॉम्बर एकही नव्हते. ऑक्टोबरपासून काश्मीरमध्ये लढाई पेटलेली. तिथे मालवाहू डकोटा विमानांच्या दारातून बॉम्ब ढकलण्याची वेळ आली होती. नवे बॉम्बर विकत घ्यायला परकीय चलन हवे, आणि ते मिळाले तरी कोणी विकायला हवे. अशा वेळी कोणाची तरी नजर चकेरीच्या ढिगाकडे वळली.

भंगारातून विमान उभे करायला कारखाना लागतो. तो भारतात होता, याचे श्रेय बऱ्याच अंशी एका सोलापूरकराला जाते. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. बांधकाम, जहाजे, मोटारी अशा ज्या ज्या धंद्यांत भारतीयाने शिरू नये असे राज्यकर्त्यांना वाटे, नेमक्या त्याच धंद्यांत शिरणारा हा माणूस. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्या साहाय्याने आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत त्यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभारली. जपान ब्रह्मदेशात शिरल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला. तिथे आघाडीवरून येणाऱ्या विमानांची आणि इंजिनांची दुरुस्ती होऊ लागली. विमान ‘बनवण्याचे’ वालचंदांचे स्वप्न तेवढ्यापुरते मागे पडले. पण हजारो भारतीय कामगार अमेरिकी विमाने उघडायला, जुळवायला आणि पुन्हा चालू करायला शिकले. माझ्या मते लिबरेटरच्या कथेतील खरा नायक हा कामगारवर्ग आहे. त्याची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

याच कारखान्यातील माणसे १९४८ मध्ये कानपूरला गेली. पद्धत साधी आणि धाडसी होती. शेजारच्या चार विमानांचे भाग काढून एक विमान उडण्यापुरते जोडायचे, आणि मग ते बंगळूरला उडवत नेऊन तिथे पूर्ण उलगडून दुरुस्त करायचे. ‘उडण्यापुरते’ या शब्दात किती जोखीम आहे हे वैमानिकालाच ठाऊक. तो वैमानिक होता कंपनीचा चाचणी-वैमानिक, जमशेद ऊर्फ जिमी मुन्शी. सुमारे १,५०० किलोमीटरचे हवाई अंतर, तीन वर्षे उघड्यावर पडलेली इंजिने, आणि हेतुपुरस्सर मोडून पुन्हा जोडलेले सांगाडे. एकूण ४२ लिबरेटर अशा रीतीने पुन्हा उभ्या राहिल्या. युद्धकाळी ज्या विमानात आठ माणसे लागत, ते या प्रवासांत मोजक्या माणसांनिशी उडत होते.

(मुन्शींचे नाव आणखी एका ठिकाणी भेटते. ऑगस्ट १९५१ मध्ये भारतीय आराखड्याचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान प्रथम उडाले, तेव्हाही वैमानिक तेच होते. त्या विमानाचे आरेखन करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले. त्यांच्यावर वेगळा धागा व्हायला हवा.)

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरला ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली. भारतीय हवाई दलाचे हे पहिले अवजड बॉम्बर पथक, आणि त्याची विमाने काल-परवापर्यंत भंगार म्हणून गणली गेलेली. पुढे लिबरेटरचे घर झाले ते पुण्याचे लोहगाव. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी युद्धाच्या सुरुवातीला उभारलेला हा तळ. १ फेब्रुवारी १९५१ रोजी तिथे ६ क्रमांकाची स्क्वॉड्रन नव्याने उभारण्यात आली आणि तिला लिबरेटर मिळाल्या, मात्र बॉम्ब टाकण्यासाठी नव्हे. काम होते समुद्रावर गस्त घालण्याचे.

इथे अटलांटिक आठवा. लांब पंखांचे जे विमान तिकडे पाणबुड्या शोधत होते, तेच आता सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रावर तासन् तास फिरू लागले. बॉम्बफेकीची भूमिका हळूहळू जेट विमानांकडे गेली. ५ स्क्वॉड्रनने १९५७ मध्ये कॅनबेरा घेतली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले ते पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरांचे. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचे. तोवर ६ स्क्वॉड्रनकडे एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानेही येऊ लागली होती. तरीही लिबरेटर निवृत्त झाली नाही. ती सेवेतून गेली ३१ डिसेंबर १९६८ रोजी. सैनिकी सेवेत लिबरेटर वापरणारे भारतीय हवाई दल हे जगातील शेवटचे दल ठरले.

या वीस वर्षांतील क्रूविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. युद्धकाळातील वैमानिक ठरावीक उड्डाणे पूर्ण करून घरी जात. पुण्यातील दिशादर्शक, तोफची, इंजिन पाहणारे यांत्रिक हे या विमानासोबत म्हातारे होत गेले. कारखान्यातून नवे सुटे भाग येणे केव्हाच बंद झालेले; अमेरिकेत हे विमान बनणे १९४५ मध्येच थांबले होते. वीस वर्षे ते उडत ठेवणे हा पराक्रमच होता, फक्त त्याला वीरचक्र मिळत नाही.

आता शीर्षकातील तीन क्रमांकांकडे येऊ. जुन्या विमानाचा इतिहास शोधताना रंगावर विश्वास ठेवू नये, क्रमांकावर ठेवावा. उदाहरण घ्या. मिशिगनमधील विलो रनला बांधलेल्या एका लिबरेटरचा अमेरिकी क्रमांक होता ४४-५०२०६. यातील पहिला ४४ हा आकडा ज्या आर्थिक वर्षात ते मागवले ते वर्ष सांगतो. ब्रिटिशांकडे गेल्यावर ते झाले केएन ७५१. या नावाने ते हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर ९९ स्क्वॉड्रनमध्ये होते. या स्क्वॉड्रनच्या नावात ‘मद्रास प्रेसिडेन्सी’ असे शब्द होते, कारण मद्रास इलाख्याने युद्धासाठी देणगी दिली होती. नंतर चकेरी, बंगळूर, आणि भारतीय हवाई दलाचा क्रमांक एचई ८०७. १९७४ मध्ये ते ब्रिटनला गेले आणि आज रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. तिथे त्यावर युद्धकालीन ब्रिटिश रंग आहेत. केएन ७५१ म्हणून ते जेमतेम काही महिने उडाले असेल. एचई ८०७ म्हणून दोन दशके भारताच्या सेवेत होते.

हे एकट्याचे नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातील लिबरेटर १९६९ मध्ये भारतातूनच उडत गेली. आणखी एक आज फ्लोरिडात आहे. सर्वांत चमत्कारिक कथा ४४-४४०५२ या विमानाची. ऑगस्ट १९४४ मध्ये बांधलेले, ब्रिटिशांनी वापरलेले, भारतात भंगारात गेलेले, १९६८ पर्यंत उडालेले, मग बंगळुरात तेरा वर्षे पडून राहिलेले. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेतले, १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले आणि १९८९ मध्ये पुन्हा उडाले. तेव्हापासून ते वेगवेगळ्या प्रसिद्ध अमेरिकी बॉम्बरच्या रंगांत प्रेक्षकांसमोर आले. त्यातले एक नाव तर चक्क ‘ऑल अमेरिकन’. या विमानाने अमेरिकी हवाई दलासाठी एकही लढाऊ उड्डाण केलेले नाही.

जगभरात लिबरेटर उरल्या आहेत जेमतेम डझनभर. त्यांतील सुमारे निम्म्या भारतीय हवाई दलाच्या सेवेतून आलेल्या आहेत. रंग कोणाचेही असोत, ती विमाने आज अस्तित्वात आहेत ती चकेरीच्या मैदानात कोणीतरी पाना हातात घेतला म्हणून.

कॅनडाला १९६८ मध्ये एक लिबरेटर हवी होती. भारताने ती विकली नाही, अदलाबदल केली. भारतीय हवाई दलाने युद्धाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशात वापरलेल्या लायसँडर जातीचे एक विमान कॅनडाकडून बदल्यात आले. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात गेलात तर ते लायसँडर पाहायला मिळेल. तिथेच बाहेर एक लिबरेटर उभी आहे, तिच्यावर क्रमांक एचई ९२४ आणि भारताचे तिरंगी वर्तुळ.